लंडनच्या आकाशावर हक्क कुणाचा?

लंडनला गेलेले बहुतेक पर्यटक बिग बेन, लंडन आय, राजवाड्यापुढची पहारेकऱ्यांची बदली आणि मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय बघून परततात. तुम्हीही हे सगळे जरूर बघा. पण मुक्कामातला एक दिवस वेगळ्या कारणासाठी राखून ठेवा. त्या दिवशी खरेदी नाही की राजवाडा नाही. फक्त पायात आरामशीर बूट घालायचे आणि मान वर करून चालायचे.

मराठीत ‘नावे ठेवणे’ याचे दोन अर्थ होतात. बारशाला नाव ठेवतात आणि दुसऱ्याच्या सुनेलाही नावे ठेवतात. लंडनकरांनी आपल्या उंच इमारतींना दोन्ही अर्थांनी नावे ठेवली आहेत. एक इमारत काकडी, दुसरी किसणी, तिसरी वॉकीटॉकी, तर चौथी चक्क काचेचा तुकडा. या प्रत्येक नावामागे एक भांडण आहे. कुणी सभेत भांडले, कुणी वर्तमानपत्रात, तर कुणी न्यायालयात. भांडणाचा मुद्दा मात्र नेहमी एकच होता. एखाद्या मालकाने स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने इमारत उभारली, तरी ती बघावी लागते साऱ्या शहराला. मग ती कशी असावी हे ठरवायचे कुणी?

सुरुवात घुमटापासून

दिवसाची सुरुवात सेंट पॉल्स कॅथेड्रलपासून करा. १६६६ च्या भीषण आगीत जुने कॅथेड्रल जळाले आणि नवे बांधण्याचे काम ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाकडे आले. त्याने आपल्या कल्पनेची एक भलीमोठी लाकडी प्रतिकृती बनवून घेतली. ती इतकी मोठी आहे की माणूस आत उभा राहू शकतो. पण धर्मगुरूंनी नाक मुरडले. हे आपल्या चर्चसारखे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रेनला आराखडा बदलावा लागला. १६७५ मध्ये राजाने मंजूर केलेल्या आराखड्यात उंच सुळका होता. पण बांधता बांधता रेनने हळूच फेरफार केले आणि शेवटी आपला आवडता घुमट उभा केलाच. नाकारलेली ती प्रतिकृती आजही कॅथेड्रलमध्ये जपून ठेवली आहे.

गंमत बघा. ज्या आराखड्यावर एकेकाळी आक्षेप घेतला गेला, त्यातूनच आलेला घुमट पुढे लंडनची ओळख बनला. वरच्या क्रॉससकट १११ मीटर उंचीची ही वास्तू जवळजवळ अडीचशे वर्षे शहरातील सर्वांत उंच होती. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी लंडनवर आगीचा वर्षाव केला. त्या धुरातून वर आलेल्या घुमटाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले आणि शहर अजून उभे आहे, हे लोकांना त्यातून समजले. तेव्हापासून घुमट दिसणे ही लंडनकरांसाठी केवळ सुंदर दृश्याची बाब राहिलेली नाही.

गुडघे चांगले असतील तर ५२८ पायऱ्या चढून वरच्या सोनेरी गॅलरीत जा. घरातील ज्येष्ठांना मात्र खालीच बसू द्या. त्यांच्यासाठी पुढे लिफ्टची सोय असलेली जागा येणार आहे.

झुडपातील फट

सेंट पॉल्सच्या दक्षिणेला, नदीच्या बाजूला, फॅरडे बिल्डिंग नावाची इमारत आहे. १९३३ मध्ये ही टेलिफोनची इमारत उभी राहिली आणि नदीवरून दिसणारा कॅथेड्रलचा बराचसा भाग झाकला गेला. लोक खडबडून जागे झाले. त्यातून १९३० च्या दशकातच ‘सेंट पॉल्स हाइट्स’ ही नियमावली आली. कॅथेड्रलच्या आसपास कोणत्या ठिकाणी किती उंच बांधायचे, याची मर्यादा तिने आखून दिली. सुरुवातीला तो कायदाही नव्हता, आपापसातील समजूत होती. तरीही ती पाळली गेली.

आज लंडनमध्ये अशी अनेक ‘संरक्षित दृश्ये’ आहेत. म्हणजे ठराविक टेकडीवरून, पुलावरून किंवा बागेतून एखादी वास्तू दिसत राहिली पाहिजे, असा नियम आहे. प्रिमरोज हिलवरून, ग्रीनिचच्या बागेतून तुम्ही अशी दृश्ये सहज बघू शकता. पण सगळ्यांत नवलाचे दृश्य रिचमंड पार्कमध्ये आहे. तिथे किंग हेन्रीज माउंड नावाचा एक टेकाड आहे. त्यावर उभे राहून झुडपांत मुद्दाम राखलेल्या फटीतून बघितले की सुमारे १६ किलोमीटर अंतरावरचा सेंट पॉल्सचा घुमट दिसतो. मुलांना दुर्बिणीतून तो शोधायला सांगा, अर्धा तास मजेत जाईल.

एका झुडपातील फटीसाठी १६ किलोमीटरवरच्या इमारतींची उंची ठरवायची हा वेडेपणा वाटेल. पण तो पाळणारेही कधी चुकतात. २०१६ मध्ये त्या फटीतून बघणाऱ्यांना घुमटाच्या पाठीमागे एक नवा मनोरा दिसू लागला. तो होता घुमटाच्याही कितीतरी पलीकडे, स्ट्रॅटफर्ड भागात. घुमटापुढची जागा सर्वांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. इतक्या लांबची इमारत पाठीमागून डोके वर काढेल, हे बांधकाम वर येईपर्यंत बहुतेकांच्या लक्षातच आले नाही. आरडाओरडा झाला, पण मनोरा तसाच राहिला. आज तुम्ही गेलात तर घुमटासोबत तोही दिसेल. उंच इमारतीबाबतची चूक भिंतीच्या रंगासारखी पुढच्या दिवाळीला बदलता येत नाही, हे तिथे उभे राहिल्यावर नीट कळते.

काकडी आवडू लागली त्याची गोष्ट

सेंट पॉल्सपासून पूर्वेकडे वीसेक मिनिटे चालत गेलात की जुन्या व्यापारी लंडनचा भाग लागतो. याला नुसतेच ‘सिटी’ म्हणतात. गल्ल्या अरुंद, चर्च मध्ययुगीन आणि त्यांच्या डोक्यावर काचेचे मनोरे. त्यातला गोलसर, वर निमुळता होत जाणारा मनोरा म्हणजे ‘गर्किन’. गर्किन म्हणजे बाटलीत खारवलेली छोटी काकडी.

या जागेवर पूर्वी बाल्टिक एक्स्चेंजची १९०३ ची देखणी इमारत होती. १९९२ च्या एप्रिलमध्ये आयरिश दहशतवाद्यांनी इथे बॉम्बस्फोट घडवला. तीन जणांचा जीव गेला आणि इमारत खिळखिळी झाली. ती दुरुस्त करा, असा जुन्या वास्तू जपणाऱ्यांचा आग्रह होता. त्याऐवजी १९९६ मध्ये ३८६ मीटर उंच मनोऱ्याचा प्रस्ताव आला. त्यावर इतकी टीका झाली की तो गुंडाळावा लागला. मग नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने १८० मीटरचा, निम्म्याहून कमी उंचीचा हा आकार मांडला. वर्तमानपत्राने त्याला काकडी म्हणून हिणवले आणि नाव चिकटले.

२००४ मध्ये इमारत खुली झाली आणि त्याच वर्षी तिला ब्रिटनचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. आज लंडनच्या कोणत्याही पोस्टकार्डावर ती असते. हिणवण्याचे नाव लाडाचे झाले. एवढ्या गोलाकार इमारतीत वक्र काच मात्र एकच आहे, अगदी टोकाची. बाकी सगळ्या काचा सपाट आहेत. खात्री करायची तर जवळ जाऊन नीट बघा.

टीकेलाच नाव बनवले

आता नदी ओलांडून लंडन ब्रिज स्टेशनकडे या. समोर आकाशात घुसलेला ३१० मीटरचा शार्ड दिसेल. २००० साली बर्लिनमधील जेवणाच्या टेबलावर इटालियन वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी मेन्यूकार्डाच्या मागे त्याचे पहिले रेखाटन केले, असे सांगितले जाते. जुन्या चित्रांमधील लंडनच्या चर्चचे सुळके आणि जहाजांच्या डोलकाठ्या त्यांच्या मनात होत्या.

पण इंग्लिश हेरिटेज या संस्थेला यात डोलकाठी दिसली नाही. ऐतिहासिक लंडनच्या काळजात घुसलेला काचेचा तुकडा, अशा अर्थाची टीका संस्थेने केली. विकासक हुशार निघाले. त्यांनी तोच शब्द उचलला आणि इमारतीचे नाव ‘शार्ड’, म्हणजे काचेचा धारदार तुकडा, असे ठेवले.

२००३ मध्ये या प्रस्तावावर जाहीर चौकशी झाली. दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ उभे राहिले. विरोधक म्हणाले, सेंट पॉल्स आणि टॉवर ऑफ लंडन यांच्या पार्श्वभूमीवर हे शोभणार नाही. समर्थक म्हणाले, इमारत रेल्वे स्टेशनच्या डोक्यावर आहे, हजारो लोक गाडीशिवाय कामाला येतील. एवढ्या मोठ्या इमारतीत मोटारींसाठी फक्त ४८ जागा ठेवल्या होत्या. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि २०१२ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले.

तुम्हाला तो आवडतो की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण निर्णय घेण्याआधी तो दोनदा बघा. दुपारच्या उन्हात आणि पावसाळी संध्याकाळी. ढगाळ हवेत त्याचे टोक अक्षरशः विरघळून जाते.

किसणी वाकली, वॉकीटॉकी नाही वाकली

सिटीतील दोन इमारती शेजारीशेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. पहिली किसणी. आपल्या स्वयंपाकघरात गाजर किसायला उभी ठेवतो तशीच उतरती दिसते. हा उतार नुसता दिखाव्यासाठी नाही. फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉल्सकडे बघताना ही २२५ मीटरची इमारत घुमटाला चिकटू नये, म्हणून वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने ती मागे झुकवली. त्यासाठी वरच्या मजल्यांवरची जागा सोडावी लागली. फ्लीट स्ट्रीटवर उभे राहिलात तर हा नमस्कार तुम्हाला दिसेल.

दुसरी २०, फेनचर्च स्ट्रीट, म्हणजेच वॉकीटॉकी. हिने उलटे केले. ही वर जाताना रुंद होत जाते, कारण वरच्या मजल्यांना भाडे जास्त मिळते. मूळ प्रस्ताव जवळजवळ २०० मीटरचा होता. विरोधानंतर तो १६० मीटरवर आला. २००७ मध्ये जाहीर चौकशी होऊन परवानगी मिळाली.

मग २०१३ च्या उन्हाळ्यात भलतेच घडले. इमारतीची दक्षिणेची बाजू आत वळलेली, म्हणजे अंतर्गोल आरशासारखी आहे. शाळेत भिंगाने कागद जाळायचा प्रयोग आठवतो ना? तसेच इथे झाले. काचांवरून परतलेले ऊन खालच्या रस्त्यावर एकवटले आणि तिथे उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले. एका पत्रकाराने तर त्या उन्हात तवा ठेवून अंडे तळून दाखवले. पुढच्या वर्षी इमारतीवर उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. २०१५ मध्ये सर्वांत वाईट नव्या इमारतीला दिला जाणारा ‘कार्बंकल कप’ हिलाच मिळाला.

तरीही तुम्ही इथे जाच. परवानगी मिळवताना मालकांनी माथ्यावर लोकांसाठी बाग करण्याचे कबूल केले होते. ती ‘स्काय गार्डन’ मोफत आहे, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. लिफ्ट थेट वर नेते, त्यामुळे ज्येष्ठांचीही सोय होते. बागेपेक्षा उपाहारगृहेच जास्त आहेत, असा टीकाकारांचा आक्षेप आहे आणि तो तुम्हालाही पटेल. पण नजारा अप्रतिम आहे. लंडनकर विनोदाने म्हणतात की इथून लंडन सर्वांत छान दिसते, कारण इथून वॉकीटॉकी दिसत नाही.

न उमललेले ट्यूलिप

आता नदीकाठी टॉवर ऑफ लंडनच्या तटापाशी थांबा. आतला व्हाइट टॉवर विल्यम राजाने अकराव्या शतकात लोकांना धाक बसावा म्हणून बांधायला घेतला. त्याची उंची जेमतेम २७ मीटर. तेव्हा तीच गगनचुंबी होती. १९८८ पासून हा किल्ला जागतिक वारसा आहे आणि त्याच्या पाठीमागे काचेच्या मनोऱ्यांचा घोळका उभा आहे.

या घोळक्यात २०१८ मध्ये आणखी एक भर पडणार होती. गर्किनच्या शेजारी ३०५ मीटरचे ‘ट्यूलिप’. लांब देठ आणि वर काचेची कळी. ना कार्यालये, ना घरे. फक्त वर जाऊन शहर बघायचे. शाळेतील मुलांना मोफत प्रवेश देण्याचे आश्वासनही होते. सिटीच्या समितीने २०१९ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. जुलैमध्ये महापौर सादिक खान यांनी ती रोखली. लोकांना यातून मिळणार काय, हा त्यांचा मुद्दा होता. प्रकरण सरकारपर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायमचा नकार आला. कारणे दोन दिली गेली. टॉवर ऑफ लंडनच्या दृश्याला बाधा आणि एवढे काँक्रीट वापरल्याने पर्यावरणाची हानी.

हे दुसरे कारण नवे आहे. पूर्वी लोक विचारत, इमारत दिसेल कशी? आता विचारतात, ती बांधायला निसर्गाकडून किती घेणार? त्याच वर्षी जुलैमध्ये नदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे लिव्हरपूल शहराचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून वगळले गेले होते. म्हणजे धाक नुसता कागदावरचा राहिलेला नाही.

चार बाकड्यांसाठी भांडण

सर्वांत ताजे भांडण आकाशासाठी नव्हे, जमिनीसाठी झाले. गर्किन आणि किसणी यांच्या मध्ये सेंट हेलन्स स्क्वेअर नावाचा छोटा चौक आहे. उन्हाच्या दिवशी आजूबाजूच्या कार्यालयांतील लोक इथे डबे घेऊन येतात. याच जागी ‘१ अंडरशाफ्ट’ हा शार्डच्याच उंचीचा मनोरा प्रस्तावित आहे. सुधारित आराखड्यात त्याचा पाया या चौकावर सरकला होता. लोकांनी हरकती घेतल्या. मनोरा हवा तेवढा उंच करा, पण बसायची जागा घेऊ नका, असा सूर होता. जुलै २०२४ मध्ये समितीने निर्णय पुढे ढकलला. पाया आक्रसून चौकाची जास्त जागा मोकळी ठेवल्यावर डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली.

मुलांना इथे थोडा वेळ बसवा आणि सांगा, हा चौक मोकळा राहिला तो कुणा राजामुळे नाही. कुणीतरी कचेरीतून घरी जाऊन अर्ज लिहिला म्हणून राहिला. तिथे प्रस्तावित बांधकामाची नोटीस जागेजवळ लावली जाते आणि कुणीही आपले मत कळवू शकतो. आपल्याकडे वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना’ असा मजकूर छापून येतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की आपण तो वाचून पान उलटतो.

अर्थात प्रत्येक वेळी लोकांचेच बरोबर असते असेही नाही. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या नव्या इमारतीत २०१६ मध्ये वरच्या मजल्यावर प्रेक्षक गॅलरी सुरू झाली. लोक शहर बघता बघता समोरच्या काचेच्या फ्लॅटमधील संसारही बघू लागले. फ्लॅटवाले न्यायालयात गेले. काचेचे घर घेतले तर पडदे लावा, असे अनेकांनी सुनावले. पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लॅटवाल्यांची बाजू उचलून धरली. नजारा सर्वांचा असला तरी दुसऱ्याच्या घरातील जेवणाचे टेबल नजाऱ्यात येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता मुंबईचा धागा

परतीच्या दिवशी थोडा वेळ असेल तर सेंट पॅनक्रास स्टेशनला जा. लाल विटांचे, सुळक्या-कमानींचे ते हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आखले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांचाच, जरी ते मुंबईला कधी आले नाहीत. १९६० च्या दशकात सेंट पॅनक्रास पाडायचे घाटत होते. व्हिक्टोरियन वास्तू तेव्हा जुनाट आणि कुरूप मानल्या जात. कवी जॉन बेजेमन आणि इतरांनी आवाज उठवला आणि १९६७ मध्ये तिला संरक्षण मिळाले. आज तिथे लोक फोटो काढायला रांगा लावतात.

म्हणजे कुरूप काय आणि सुंदर काय, हे पन्नास वर्षांत उलटू शकते. म्हणूनच घाई नको, विचारणा हवी.

दिवस असा आखा

सकाळी सेंट पॉल्स, मग फ्लीट स्ट्रीटवरून किसणीचा नमस्कार बघून सिटीत या. दुपारी लेडनहॉल मार्केटच्या १८८१ च्या सुंदर छताखाली काहीतरी खा. हा भाग शनिवार-रविवारी सुनसान असतो, म्हणून कामाचा दिवस निवडा. संध्याकाळी स्काय गार्डन किंवा २२, बिशप्सगेटवरील ‘होरायझन २२’ यांपैकी एकाची आधीच नोंदणी करा. दोन्ही मोफत आहेत. शार्डला तिकीट आहे. जूनमध्ये गेलात तर सूर्य रात्री नवानंतर मावळतो, त्याप्रमाणे वेळ घ्या. रिचमंड पार्कसाठी मात्र वेगळी सकाळ ठेवा.

आणि घरी परतल्यावर एक काम करा. आपल्या गच्चीवर किंवा खिडकीत उभे राहा आणि लहानपणी इथून काय दिसायचे ते मुलांना सांगा. एखादी टेकडी, देवळाचा कळस, गिरणीची चिमणी, शेजारच्यांचे आंब्याचे झाड. त्यातले जे अजून दिसत असेल ते बोट करून दाखवा. पुढच्या वेळी कोपऱ्यावर बांधकामाचा फलक लागेल, तेव्हा तो थांबून वाचणारे घरात किमान दोघे तरी असतील.